वाचकांचे प्रश्न : एमएसचा वेग आणि आनुवंशिकता

गेल्या अंकात मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, या आजाराची ओळख करून देणारा लेख प्रसिद्ध झाला होता. शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंवरच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते आणि त्यामुळे कधी दृष्टी अंधुक होते, कधी पायांतले बळ जाते, तर कधी तोल सुटतो, असे त्यात सांगितले होते. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. हा आजार एखाद्याला काही वर्षांत काठीवर आणतो आणि दुसऱ्याला वीस वर्षांनंतरही हिंडते-फिरते ठेवतो, यात जनुकांचा हात किती? या वेळचे सदर त्या पत्रांसाठीच राखले आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला आणि तिच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याला साधारण एकाच सुमारास एमएसचे निदान झाले. आज ते गृहस्थ काठीशिवाय चालू शकत नाहीत. बहीण मात्र नोकरी करते, जिने चढते. त्यांच्याकडे पाहून ती मनातून खचली आहे. आजार किती गंभीर होणार हे जनुकांवरून आधी कळते का? (एक वाचिका, सातारा)

उत्तर : आपल्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत, आणि संशोधकांनीही ते पुष्कळ वर्षे एकत्रच धरले होते. एमएस कोणाला होतो हा पहिला, आणि झाल्यावर तो कोणत्या वेगाने वाढतो हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर बरेचसे हाती आले आहे. एचएलए या जनुकसमूहाशी एमएसचा संबंध असल्याचे १९७० च्या दशकातच लक्षात आले होते. त्या समूहातील डीआरबी१ या जनुकाचा १५:०१ हा प्रकार अंगी असेल, तर युरोपीय वंशाच्या लोकांत एमएस होण्याची शक्यता सुमारे तिपटीने वाढते. पुढे २०१९ मध्ये ४७ हजारांहून अधिक रुग्ण आणि ६८ हजारांहून अधिक निरोगी माणसे यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली आणि आजाराशी संबंध असलेली २३३ स्थाने पुढे आली. यांतली बहुतेक स्थाने प्रतिकारयंत्रणेच्या पेशींचे काम चालवणाऱ्या जनुकांच्या आसपास आहेत. तेव्हा आजाराची ठिणगी प्रतिकारयंत्रणेत पडते, हे आता नि:शंकपणे म्हणता येते.

साहजिकच, हीच जनुके आजाराचा वेगही ठरवत असतील, अशी अपेक्षा होती. ती खरी ठरली नाही. धोका वाढवणारी अनेक जनुके अंगी असलेल्या रुग्णाचा आजार सौम्य राहू शकतो आणि ती फारशी नसलेल्याचा वेगाने वाढू शकतो, असेच पुन:पुन्हा दिसून आले.

आजाराचा वेग मोजणे हेही सोपे काम नाही, आणि ते कसे केले जाते हे समजून घेतल्याशिवाय पुढचे आकडे नीट कळणार नाहीत. अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ जॉन कुर्ट्झके यांनी १९८३ मध्ये सिद्ध केलेली ईडीएसएस ही ० ते १० अशी मोजपट्टी त्यासाठी वापरतात. तपासणीच्या खोलीत डॉक्टर नजर, बोलणे, हातापायांची ताकद, संवेदना आणि तोल यांची परीक्षा घेतात. पण पट्टीच्या मधल्या टप्प्यांवर सगळा भर असतो तो चालण्यावर. आधाराशिवाय, विश्रांती न घेता सुमारे ५०० मीटर चालता आले तर ४ गुण मिळतात. एका हातात काठी घेऊन, मध्ये थांबत का होईना, सुमारे १०० मीटर पार करता आले तर ६, आणि बहुतांश वेळ चाकाच्या खुर्चीत जाऊ लागला की ७. आता ६ गुण तिशीतल्या माणसाला मिळणे आणि साठीतल्या माणसाला मिळणे यांत मोठा फरक आहे. म्हणून अलीकडच्या संशोधनात रुग्णाच्या गुणांची तुलना त्याच्याच वयाच्या इतर रुग्णांशी करून तीव्रता ठरवली जाते.

याच पद्धतीने, अनेक देशांतील संस्थांनी मिळून केलेला एक अभ्यास जून २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. आधी १२,५८४ रुग्णांची जनुके तपासली गेली आणि जे हाती लागले ते आणखी ९,८०५ रुग्णांत पुन्हा पडताळून पाहिले गेले. एवढ्या मोठ्या खटाटोपातून तीव्रतेशी ठामपणे जोडता येईल असे एकच स्थान निघाले. ते दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर, डीवायएसएफ आणि झेडएनएफ६३८ या दोन जनुकांच्या टापूत आहे. तिथला एक बदल आई आणि वडील या दोघांकडूनही आलेल्या रुग्णांवर काठी घेण्याची वेळ, तो बदल नसलेल्यांच्या मानाने, सरासरी ३.७ वर्षे आधी आली. मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंची तपासणी झाली, तेव्हा अशा रुग्णांच्या मेंदूच्या बाह्य थरात आणि मस्तिष्कस्तंभातही, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागातही, इजा जास्त आढळली.

यातले पहिले जनुक पेशींच्या आवरणाची झीज भरून काढण्याच्या कामातले आहे. त्यात मोठा बिघाड झाला की स्नायूंचा एक आनुवंशिक विकार होतो, ही जुनी माहिती आहे. दुसऱ्याचा संबंध विषाणूंना आवर घालण्याशी आहे. तो बदल या दोहोंपैकी कोणामार्फत काम करतो हे ठरायचे आहे. माझ्या दृष्टीने मात्र त्याहून महत्त्वाची बाब वेगळीच आहे. तीव्रतेशी दुबळा का होईना, पण संबंध दाखवणाऱ्या सगळ्या जनुकीय बदलांचा एकत्रित विचार केला, तेव्हा त्यांचा कल प्रतिकारयंत्रणेच्या पेशींकडे नव्हता. तो मेंदू आणि मज्जारज्जूच्या पेशींकडे होता. हल्ला होतो की नाही हे प्रतिकारयंत्रणा ठरवते. हल्ल्यानंतर किती सावरता येते हे चेतासंस्थेच्या स्वत:च्या चिवटपणावर अवलंबून असते. आज हाताशी असलेली बहुतेक औषधे प्रतिकारयंत्रणेला आवरतात आणि त्यामुळे रिलॅप्स, म्हणजे आजाराचे अचानक येणारे झटके, उत्तम रीतीने रोखतात. पण झटक्यांशिवाय हळूहळू वाढणाऱ्या दुर्बलतेवर ती तितकीशी चालत नाहीत. यामागचे एक कारण या निष्कर्षातून दिसते, आणि चेतापेशींचे रक्षण करणाऱ्या औषधांचा शोध एवढ्या आग्रहाने का चालू आहे, हेही त्यातून कळते.

आता आपल्या बहिणीविषयी. ३.७ वर्षे ही हजारो रुग्णांवरून काढलेली सरासरी आहे. जिल्ह्याचा सरासरी पाऊस कळला म्हणून आपल्या शिवारात किती पडेल हे सांगता येत नाही, तसेच हे आहे. तो बदल नसलेल्या पुष्कळांना लवकर काठी लागते आणि असलेल्या पुष्कळांना उशिरा लागते. म्हणून तीव्रतेचा अंदाज घेण्यासाठी कोणताही मेंदूविकारतज्ज्ञ आज जनुकीय चाचणी सांगत नाही. पहिल्या दोन वर्षांत किती झटके आले, पहिल्या झटक्यातून रुग्ण पूर्ण सावरला का, एमआरआयमध्ये मज्जारज्जू आणि मस्तिष्कस्तंभात डाग आहेत का, आजार कोणत्या वयात सुरू झाला, या गोष्टी त्याला अधिक सांगतात. पुरुषांत आणि उशिरा सुरू झालेल्या आजारात दुर्बलता सहसा लवकर येते. त्या सहकाऱ्याचा आजार कोणत्या प्रकारचा आहे हेही आपल्याला ठाऊक नसणार. सुमारे दहा ते पंधरा टक्के रुग्णांत तो झटक्यांशिवाय पहिल्यापासूनच वाढत जाणाऱ्या प्रकारचा असतो आणि त्याची चाल अगदी निराळी असते. बहिणीने त्यांच्यात आपले भविष्य पाहू नये. तिला हे समजावून सांगणारे माणूस तिच्याजवळ आहे, याचे मला समाधान वाटते.

प्रश्न : आमच्या मुलीला २६ व्या वर्षी एमएसचे निदान झाले. तिचे लग्न ठरत आहे. आम्ही मुलाकडच्यांपासून काही लपवलेले नाही. त्यांचे म्हणणे एवढेच की मुलांना हा आजार होईल का, आणि झाल्यास आईसारखाच होईल का, हे कोणाकडून तरी विचारून घ्या. (एक वडील, नाशिक)

उत्तर : आपण सगळे उघडपणे सांगितलेत आणि समोरच्यांनीही तोंड न फिरवता प्रश्न विचारला, हे दोन्ही वाचून बरे वाटले.

एमएस हा हिमोफिलियासारखा एका जनुकामुळे पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा आजार नव्हे. युरोप-अमेरिकेत सर्वसाधारण लोकांत तो हजारात साधारण एक ते तिघांना असतो. आई किंवा वडिलांना असेल तर मुलांत हे प्रमाण शंभरात सुमारे दोन होते. म्हणजे शंभरातली अठ्ठ्याण्णव मुले या आजारापासून दूरच राहतात. भारतात मुळात आजारच विरळ आहे. जुळ्यांच्या अभ्यासातूनही हेच दिसते. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांपैकी एकाला एमएस असेल तर दुसऱ्याला होण्याची शक्यता साधारण पंचवीस ते तीस टक्केच असते. जनुके सारखी असूनही तीन चतुर्थांशांच्या आसपास जुळी भावंडे सुटतात, तेव्हा उरलेला भार बाहेरच्या कारणांवर पडतो. त्यांतले सर्वांत ठळक कारण एपस्टीन-बार या विषाणूचा संसर्ग हे होय. अमेरिकी लष्करातील एक कोटीहून अधिक जणांच्या नोंदींवर आधारलेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा संसर्ग झाल्यानंतर एमएसचा धोका ३२ पट झाल्याचे आढळले. मात्र हा विषाणू जवळजवळ सगळ्याच प्रौढांच्या शरीरात असतो, त्यामुळे एकट्याने तोही पुरेसा नाही.

आईसारखाच होईल का, याचे उत्तर अधिक दिलासा देणारे आहे. एकाच घरात दोघांना एमएस असलेल्या कुटुंबांचे अभ्यास झाले आहेत. त्यांत दोघांच्या आजाराच्या तीव्रतेत आढळलेले साम्य थोडेच आहे.

गर्भारपणाविषयी त्यांनी विचारले नसले तरी मनात असेलच. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झटके पुष्कळ कमी झाल्याचे आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत ते वाढल्याचे दिसले. एकूण दुर्बलतेचा वेग गर्भारपणामुळे वाढला नाही. काही औषधे मात्र गर्भाला घातक असल्याने ती आधीच बदलावी लागतात. म्हणून मूल होऊ देण्याचा विचार ठरताच, दिवस राहण्यापूर्वी, मेंदूविकारतज्ज्ञाला भेटावे.

प्रश्न : लाळेचा नमुना पाठवून केलेल्या एका जनुकीय चाचणीत माझ्या नावापुढे एमएसचा धोका ‘जास्त’ असा शेरा आला आहे. मला कसलाही त्रास नाही. दुसरीकडे माझ्या मावशीला एमएस आहे आणि तिच्या डॉक्टरांनी नवे औषध सुरू करण्याआधी जनुकीय तपासणी सांगितली. यातले खरे काय मानायचे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मावशींची तपासणी अवश्य करावी. आपला शेरा बाजूला ठेवावा.

सायपोनिमॉड हे एमएसवरचे औषध यकृतात सीवायपी२सी९ या विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, मदतीने विघटित होते. ते घडवणाऱ्या जनुकाचा ‘३’ क्रमांकाचा प्रकार आई-वडील दोघांकडून आला असेल तर औषध शरीरात साचत जाते, म्हणून अशा रुग्णाला ते देतच नाहीत. एकाकडूनच आला असेल तर रोजच्या २ मिलिग्रॅमऐवजी १ मिलिग्रॅम देतात. ही चाचणी आजार किती वाढेल ते सांगत नाही. पण औषध द्यायचे का आणि किती, हे तिच्यावरून नक्की ठरते. त्यांच्या डॉक्टरांनी कोणते औषध योजले आहे हे मावशींना विचारून पाहा, बहुधा हेच असेल.

आपल्या अहवालातला ‘जास्त’ हा शब्द मुख्यत: त्या एचएलए प्रकारावर बेतलेला असणार. धोका तिप्पट झाला तरी मुळातली शक्यता इतकी लहान आहे की तो प्रकार असलेल्या बहुसंख्य माणसांना आयुष्यभर एमएस होत नाही. काही लक्षण नसताना केवळ या शेऱ्यावरून एमआरआय करून घेऊ नये.

एका जनुकावर भिस्त ठेवण्याची घाई संशोधकांच्याही अंगलट आली आहे. २०१६ मध्ये कॅनडातील शास्त्रज्ञांनी वेगाने वाढणारा एमएस असलेल्या दोन कुटुंबांत एनआर१एच३ या जनुकातला एक विरळ बदल आढळल्याचे जाहीर केले. हा एमएस घडवणारा पहिला एकल बदल असल्याच्या बातम्या जगभर झळकल्या. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय गटाने हजारो रुग्णांत आणि निरोगी माणसांत तोच बदल शोधला, तेव्हा त्याचा आजाराशी संबंध सिद्ध झाला नाही. २०२३ चा निष्कर्ष मी अधिक वजनदार मानतो, त्याचे कारणच हे की तो दुसऱ्या मोठ्या गटात पडताळून मगच मांडला गेला.

प्रश्न : हे सारे अभ्यास गोऱ्या लोकांवर झालेले दिसतात. ते आपल्याला लागू पडतात का? (एक निवृत्त शिक्षक, पुणे)

उत्तर : अत्यंत रास्त शंका आहे. २०२३ च्या अभ्यासातील रुग्ण युरोपीय वंशाचेच होते. एखादा जनुकीय बदल एका लोकसमूहात जितका आढळतो तितका दुसऱ्यात आढळेलच असे नाही, आणि त्याच्या शेजारचे बदलही वेगळे असू शकतात. त्यामुळे ३.७ वर्षांचा आकडा मराठी किंवा कोणत्याही भारतीय रुग्णावर लावता येणार नाही.

वंशाचा प्रश्न आपल्या दाराशीच आहे, याची जाणीव मुंबई-पुण्यानेच वैद्यकविश्वाला करून दिली होती. मुंबईचे ज्येष्ठ मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने या दोन शहरांतील पारशी समाजात एमएस रुग्णांची पाहणी करून १९९० मध्ये ती प्रसिद्ध केली. तोवर भारतात हा आजार अगदी क्वचित आढळतो अशी समजूत होती. पारशी समाजात मात्र त्याचे प्रमाण त्या समजुतीला न जुमानणारे निघाले. हवा, पाणी, शहर तेच, आणि लग्ने बहुधा समाजातच होत असल्याने जनुकीय वारसा मात्र वेगळा, असा हा दुर्मिळ दाखला होता. अर्थात ही पाहणी आजार होण्याविषयीची आहे, त्याच्या वेगाविषयीची नव्हे.

भारतीय रुग्णांबाबत एक खबरदारी जनुकांहूनही आधी घ्यावी लागते. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा एमएससारखाच दिसणारा, पण वेगळा आजार आपल्याकडे दुर्लक्ष करण्याइतका विरळ नाही. तो दृष्टी आणि मज्जारज्जूवर जोराचा घाव घालतो. ‘फार तीव्र एमएस’ म्हणून सांगितलेल्या काही रुग्णांत मुळात हाच आजार असतो. २००४ मध्ये सापडलेल्या, ॲक्वापोरिन-४ या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी केली की बहुतेकदा उलगडा होतो. ती तपासणी टाळून चालत नाही, कारण इंटरफेरॉन किंवा फिंगोलिमॉड यांसारखी एमएसची औषधे या आजारात उलट अपाय करू शकतात.

प्रश्न : मी स्वत: एमएसची रुग्ण आहे. अंगातली जनुके बदलता येत नाहीत हे कळते. मग माझ्या हातात काय उरते? (एक वाचिका, कोल्हापूर)

उत्तर : बरेच काही उरते, आणि गंमत म्हणजे त्यातले काही जनुकांच्याच अभ्यासातून कळले आहे. २०२३ च्या त्याच अभ्यासात, ज्यांची जनुके धूम्रपानाकडे कल दाखवतात त्यांचा आजार अधिक तीव्र, आणि ज्यांची जनुके जास्त वर्षे शिकण्याशी जोडलेली आहेत त्यांचा सौम्य, असा संबंध दिसला. शिक्षणाने मेंदूला मिळणारी राखीव ताकद इथे उपयोगी पडत असावी, असा त्याचा अर्थ लावला जातो. वाचन, नवे काही शिकणे, जमेल तितका व्यायाम यांकडे केवळ विरंगुळा म्हणून पाहू नये, असे मला मनापासून वाटते.

धूम्रपानाविषयी पुरावा अधिक थेट आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासात, निदानानंतर सिगारेट चालू ठेवलेल्या प्रत्येक वर्षामागे आजाराचा सतत वाढणारा टप्पा गाठण्याचा वेग जवळजवळ पाच टक्क्यांनी वाढलेला आढळला. आपण ओढत नसाल, पण घरात कोणी ओढत असेल तर हे त्यांना वाचून दाखवावे.

सर्वांत मोठी गोष्ट उपचारांच्या वेळेची आहे. आजार सुरू झाल्यापासून दोन वर्षांच्या आत अधिक प्रभावी औषधे मिळालेल्या रुग्णांत, तीच औषधे चार ते सहा वर्षांनी मिळालेल्यांच्या तुलनेत, पुढे दुर्बलता कमी राहिली, हे अनेक देशांतील नोंदींवरून २०२० मध्ये दाखवले गेले. नव्या औषधांच्या किमती अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर असतात. अशा वेळी आपल्याकडे तज्ज्ञ रिटुक्सिमॅबसारखा तुलनेने स्वस्त पर्याय वापरतात. त्याबद्दल आपल्या डॉक्टरांशी संकोच न करता बोलावे. १९८५ पासून काम करणारी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था रुग्णांना मार्गदर्शन करते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही एमएसचा समावेश आहे, तेव्हा चालण्यात किंवा कामात अडचण येऊ लागली असेल तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

आणि बरे वाटते आहे म्हणून औषध परस्पर बंद करू नये. काही औषधे, विशेषत: फिंगोलिमॉड आणि नॅटॅलिझुमॅब, एकाएकी थांबवल्यास आजार उसळून येतो आणि तेव्हा झालेली इजा पुढे भरून निघेलच असे नाही. औषध बदलायचे किंवा थांबवायचे असेल तर एमआरआय करून, पुढचे औषध कधी सुरू होणार ते ठरवून, मगच ते करावे.